रेनमार्क : एका सिंचन-वसाहतीची उभारणी आणि पाण्याच्या मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

ऑस्ट्रेलियातील ग्रामीण वसाहतींचा इतिहास बहुधा सोने आणि मेंढी या दोन शब्दांभोवती सांगितला जातो. सोन्याच्या शोधात माणसे आली, खाणी संपताच निघून गेली; अथवा एखाद्या मेंढपाळ जमीनदाराच्या विस्तीर्ण कुरणाच्या कडेला डाकघर, लोहारशाळा व मद्यालय उभे राहिले आणि त्याचेच पुढे गाव झाले. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात मरे नदीच्या काठी वसलेले रेनमार्क या दोन्ही प्रकारांत बसत नाही. हे गाव आधी कागदावर आखले गेले, कायद्याने मंजूर झाले, छापील पुस्तिकेद्वारे विकले गेले आणि मगच वसले. ऑस्ट्रेलियातील सर्वांत जुनी सिंचन-वसाहत म्हणून त्याचा उल्लेख होतो.

ॲडलेड शहराच्या ईशान्येस सुमारे २५० किलोमीटर अंतरावर, व्हिक्टोरिया राज्याच्या सीमेलगत हे गाव आहे. वर्षाकाठी पडणारा पाऊस सरासरी २५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशातील पावसाच्या निम्म्याच्या घरात. अशा प्रदेशात फळबागांवर जगणारे गाव वसविणे ही मूलतः पाणी उचलण्याची आणि वाटण्याची समस्या होती. पाणी उचलण्याचे तंत्र एका खाजगी कंपनीने आणले, हे खरे. परंतु गाव टिकले ते पाण्याचा कारभार बागायतदारांच्या हाती आल्यामुळे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

करारापूर्वीचा प्रदेश

'ओसाड माळरानाचे नंदनवन झाले' ही भाषा सिंचन-वसाहतींच्या गौरवग्रंथांत नेहमी आढळते. हा प्रदेश ओसाड नव्हता. मरे नदीचे पूरमैदान, तिच्या उपवाहिन्या आणि पाणथळ जागा यांवर एरावीरुंग व शेजारच्या अन्य आदिवासी समूहांचे जीवन सहस्रावधी वर्षे चालत आले होते. रेनमार्क हे नावही आदिवासी भाषेतील असून त्याचा अर्थ 'तांबडा चिखल' असा सांगितला जातो. १८३० मध्ये चार्ल्स स्टर्ट नावेतून या पात्राने खाली गेला. १८३८ मध्ये जोसेफ हॉडन व चार्ल्स बॉनी यांनी न्यू साउथ वेल्समधून ॲडलेडकडे गुरांचा पहिला मोठा तांडा नदीकाठाने नेला. त्यानंतर हीच वाट रूढ झाली आणि संघर्षही सुरू झाला. २७ ऑगस्ट १८४१ रोजी व्हिक्टोरिया सरोवराजवळ रूफस नदीच्या काठी पोलीस व गुरे हाकणाऱ्यांच्या तुकडीने आदिवासींवर गोळीबार केला. अधिकृत नोंदीनुसार सुमारे तीस माणसे मारली गेली. प्रत्यक्ष संख्या याहून बरीच अधिक असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आदिवासींचे 'संरक्षक' म्हणून नेमलेला अधिकारी मॅथ्यू मूरहाउस हाच त्या तुकडीबरोबर होता, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

पुढील चार दशके हा भाग मेंढ्यांच्या कुरणांखाली होता. १८५३ मध्ये मरे नदीवर आगबोटी सुरू झाल्या आणि १८७८ मध्ये ॲडलेडहून निघालेली रेल्वे नदीकाठच्या मॉर्गन गावापर्यंत पोहोचली. लोकरीचे गठ्ठे आगबोटीने मॉर्गनला आणि तेथून रेल्वेने बंदराकडे जात. भावी रेनमार्कची जागा बुकमार्क या कुरणात मोडत होती. भोवती मॅली नावाच्या खुज्या, अनेक खोडांच्या निलगिरीचे रान होते. ते तोडणे सोपे. पण जमिनीखालचे त्याचे गाठाळ मूळ उपटणे हे आरंभीच्या वसाहतकारांचे सर्वांत कष्टाचे काम ठरले.

चॅफी बंधू आणि १८८७ चा करार

१८८५ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीचे मंत्री आल्फ्रेड डीकिन पाणीपुरवठ्यासंबंधीच्या शाही आयोगाचे अध्यक्ष या नात्याने अमेरिकेतील सिंचन पाहण्यासाठी गेले. कॅलिफोर्नियात त्यांची गाठ जॉर्ज चॅफी (१८४८–१९३२) व विल्यम बेंजामिन चॅफी (१८५६–१९२६) या मूळच्या कॅनेडियन बंधूंशी पडली. एटिवांडा व ऑन्टॅरिओ या दोन वसाहती त्यांनी तेथे नुकत्याच उभ्या केल्या होत्या. त्यांच्या योजनेचे मर्म यंत्रांपेक्षा मालकीच्या रचनेत होते. जो जमीन विकत घेईल, त्याला जमिनीच्या प्रमाणात पाणी कंपनीचे भाग मिळत. पाणी जमिनीपासून वेगळे विकता येत नसे आणि अखेरीस पाणी कंपनी बागायतदारांचीच होत असे. (डीकिन यांना या विषयाची ओढ किती होती, हे त्यांच्या पुढील प्रवासावरूनही दिसते. १८९०-९१ च्या हिवाळ्यात ते हिंदुस्थानातील कालवे पाहण्यासाठी आले आणि १८९३ मध्ये 'इरिगेटेड इंडिया' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.)

१८८६ मध्ये जॉर्ज चॅफी ऑस्ट्रेलियात आले आणि त्यांनी व्हिक्टोरियातील मिल्ड्युरा हे पडीक कुरण निवडले. त्याच वर्षी सरकारशी करार झाला. परंतु परक्यांना एवढी जमीन निविदेशिवाय देण्यास व्हिक्टोरियाच्या विधिमंडळात विरोध झाला. ही दिरंगाई शेजारच्या वसाहतीच्या पथ्यावर पडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन डाउनर यांनी १४ फेब्रुवारी १८८७ रोजी चॅफी बंधूंशी करार केला आणि बुकमार्क भागातील अडीच लाख एकर, म्हणजे सुमारे एक लाख हेक्टर जमीन देऊ केली. त्यानंतर मे महिन्यात व्हिक्टोरियानेही मिल्ड्युराचा करार पूर्ण केला. अशा रीतीने नदीकाठच्या दोन जुळ्या वसाहती एकाच वर्षी जन्मल्या. दोन वसाहती सरकारांच्या चढाओढीतून रेनमार्कचा जन्म झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. मात्र या जुळ्या जन्मामुळे कंपनीचे भांडवल व लक्ष आरंभापासूनच दोन ठिकाणी विभागले गेले आणि मोठा वाटा मिल्ड्युराच्या पदरी पडला.

आखणी आणि विक्री

नदीच्या वळणावर गावठाण, त्यातून काटकोनात निघणारे रुंद रस्ते, त्यापलीकडे दहा-दहा एकरांचे बागायती तुकडे अशी आखणी होती. या तुकड्यांना 'ब्लॉक' म्हणत आणि ते कसणाऱ्याला 'ब्लॉकर'. शेतकरी हा शब्द तेथे धान्य पिकविणाऱ्या व मेंढ्या राखणाऱ्या मोठ्या जमीनधारकासाठी राखून ठेवलेला होता, हा भेद आजही बोलण्यात उरला आहे. नदीचे पात्र बागायती जमिनीच्या पातळीच्या खाली असल्यामुळे वाफेच्या इंजिनांवर चालणारे पंप बसवून पाणी उंच पाटात सोडावे लागे. तेथून ते उताराने चाऱ्यांत व चाऱ्यांतून ब्लॉकवर जात असे. रेनमार्कचे व्यवस्थापन चार्ल्स चॅफी या धाकट्या बंधूकडे होते. १८८९ मध्ये त्याने ओंडक्यांचे बांधलेले 'ऑलिव्हवुड' हे घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

ग्राहक मिळविण्यासाठी कंपनीने १८८८ मध्ये एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. तांबड्या वेष्टनामुळे ते 'रेड बुक' म्हणून ओळखले गेले. इंग्लंडमधील मध्यमवर्गीय कुटुंबे, निवृत्त लष्करी अधिकारी, धाकटे पुत्र अशा मंडळींना उद्देशून ते लिहिलेले होते. शेतीचा अनुभव नसलेली अनेक माणसे त्यामुळे या मॅलीच्या रानात येऊन पोहोचली. द्राक्षवेल फळाला येण्यास तीनचार वर्षे आणि संत्र्याच्या झाडाला त्याहून अधिक काळ लागतो. तोवर खायचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तकात नव्हते. कंपनी चालत होती ती नव्या जमिनीच्या विक्रीवर. पंप, पाट, देखभाल हा सगळा खर्च पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून भागविला जात होता. विक्री थांबली की पाणीही थांबणार, ही अडचण रचनेतच होती.

पडझड

विक्री थांबायला फार काळ लागला नाही. मेलबर्नमधील जमिनींच्या भावांचा फुगा फुटला आणि १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील अनेक बँकांनी व्यवहार बंद केले. नवे ब्लॉकर येईनासे झाले, जुन्यांचे हप्ते थकले. तांत्रिक अडचणीही होत्याच. पाटांना अस्तर नसल्यामुळे पाण्याचा मोठा भाग वाटेतच मुरत असे. 'यॅबी' नावाचा गोड्या पाण्यातील झिंग्यासारखा जीव काठ पोखरून पाट फोडीत असे. या सर्वांहून मोठी अडचण बाजारपेठेची होती. फळे काढणीस येतात उन्हाळ्याच्या अखेरीस आणि मरेचे पाणी उतरते तेही त्याच सुमारास. आगबोटी गाळात रुतल्या की ताजी फळे धक्क्यावर सडत. वाळविलेला माल मात्र थांबू शकतो. म्हणूनच बेदाणा, काळा मनुका व वाळविलेले जर्दाळू ही या गावाची मुख्य पिके ठरली. वाहतूक नसल्यामुळे पिकांची निवड झाली, असा हा उलटा क्रम आहे.

डिसेंबर १८९५ मध्ये चॅफी ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी परिसमापनात गेली. पुढील वर्षी व्हिक्टोरियाने मिल्ड्युराच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला. १८९७ मध्ये जॉर्ज चॅफी अमेरिकेस परतले व कॅलिफोर्नियातील इंपीरियल व्हॅलीच्या सिंचनात त्यांनी पुन्हा नाव कमावले. विल्यम मात्र मिल्ड्युरातच राहिले आणि सामान्य बागायतदाराप्रमाणे त्यांनी उर्वरित आयुष्य तेथे काढले. चॅफी बंधूंना फसवे व्यापारी ठरविणारे आणि द्रष्टे ठरविणारे असे दोन पक्ष आहेत. दोन्ही पक्ष व्यक्तींकडे पाहतात. पाण्याच्या कारभाराच्या रचनेकडे पाहिल्यास अधिक उलगडा होतो.

रेनमार्क इरिगेशन ट्रस्ट

कंपनी बुडण्याच्या दोन वर्षे आधी, १८९३ मध्ये, रेनमार्कच्या बागायतदारांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाकडून स्वतंत्र कायदा करून घेतला आणि रेनमार्क इरिगेशन ट्रस्टची स्थापना झाली. येथे ट्रस्ट या शब्दाने धर्मादाय संस्था असा अर्थ घेऊ नये. ब्लॉकधारकांनी आपल्यातून निवडलेले मंडळ, सिंचित जमिनीवर पाणीपट्टी आकारण्याचा त्याचा कायदेशीर अधिकार आणि पंप व पाटांचा ताबा या तीन गोष्टी मिळून हा ट्रस्ट बनलेला होता. पाणीपट्टी न भरणाऱ्याचे पाणी बंद करण्याचा अप्रिय निर्णय आता दूरच्या कंपनीऐवजी शेजारच्या बागायतदाराला घ्यावा लागणार होता.

१८९५ मध्ये कंपनी कोसळली तेव्हा मिल्ड्युरात पंप कोणाचे, पाटांची दुरुस्ती कोणी करायची, पाणी कोणाकडे मागायचे हे प्रश्न एकदम उभे राहिले. तेथे असे मंडळ संकटाच्या भरातच उभे करावे लागले. रेनमार्कात हे प्रश्न सुटले नव्हते. पण सोडविणारी संस्था जागेवर होती. यंत्रे जुनी होती, हाती पैसा नव्हता आणि पुढे सरकारकडून कर्जही घ्यावे लागले. तरीही पाणी चालू राहिले. कॅलिफोर्नियातील मूळ कल्पना, म्हणजे पाणी वापरणाऱ्यानेच पाण्याचा कारभार पाहावा, ती कंपनीच्या हयातीत नव्हे तर तिच्या पडझडीतून साकार झाली. ज्या तत्त्वाची जाहिरात चॅफींनी केली, त्याची अंमलबजावणी त्यांच्या गिऱ्हाइकांनी केली.

ही सवय पाण्यापुरती मर्यादित राहिली नाही. मूळ योजनेत दारूविक्रीवर निर्बंध होते, त्यामुळे गावात चोरटी दारू बोकाळली. त्यावर उपाय म्हणून १८९७ मध्ये गावकऱ्यांनी सामुदायिक मालकीचे परवानाधारक हॉटेल सुरू केले. त्याचा नफा कोणाच्या खिशात न जाता गावाच्या कामी लागावा, अशी व्यवस्था होती. ब्रिटिश साम्राज्यातील पहिले सामुदायिक हॉटेल म्हणून त्याची नोंद केली जाते आणि ते आजही चालू आहे. १९०७ मध्ये मिल्ड्युरा व रेनमार्क येथील बागायतदारांच्या पुढाकाराने सुका मेवा उत्पादकांचा संघ अस्तित्वात आला. खराब वा अतिरिक्त द्राक्षांचे काय करायचे, या प्रश्नातून १९१० मध्ये अँगोव्ह कुटुंबाची खाजगी ऊर्ध्वपातनशाळा आणि १९१६ मध्ये उत्पादकांची सहकारी ऊर्ध्वपातनशाळा उभी राहिली.

या सर्वांहून वेगळा प्रयोग याच पंचक्रोशीत झाला व फसला, हेही सांगितले पाहिजे. १८९४ च्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकारने बेरोजगारांसाठी मरेकाठी सामुदायिक खेडी वसविली. तेथे जमीन, श्रम व उत्पन्न सारेच सामाईक होते. मर्थोसह बहुतेक खेडी काही वर्षांतच मोडली. लिरप तेवढे तग धरून राहिले. रेनमार्कात जमीन ज्याची त्याची आणि पाणी सगळ्यांचे अशी विभागणी होती. या दोन प्रयोगांच्या तुलनेतून सहकाराची सीमा कोठे आखावी, याविषयी पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

वाळवणीचे तंत्र आणि तासगाव

मरेकाठच्या बेदाण्याचा एक धागा थेट महाराष्ट्राशी जोडलेला आहे. ऑस्ट्रेलियात 'सुलताना' म्हणून ओळखले जाणारे बिनबियांचे द्राक्ष म्हणजेच आपल्याकडील 'थॉम्सन सीडलेस'. नुसत्या उन्हात ते वाळण्यास बरेच दिवस लागतात, कारण मण्यावरील मेणाचा थर आतील पाणी धरून ठेवतो. भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या रीतीवरून ऑस्ट्रेलियन बागायतदारांनी पोटॅशियम कार्बोनेट व तेल यांच्या थंड द्रावणात घड बुडविण्याची पद्धत रूढ केली आणि तारेच्या जाळ्यांचे मजले रचून, वर छप्पर घालून त्यावर घड पसरण्यास आरंभ केला. सांगली जिल्ह्यातील तासगाव, कवठेमहांकाळ भागात उन्हाळ्यात ठिकठिकाणी दिसणारे बेदाण्याचे रॅक आणि 'डिपिंग ऑईल' ही त्याच पद्धतीची शाखा होय.

स्थैर्य, पूर आणि क्षार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वाढ थोडक्यात सांगता येईल. १९१३ मध्ये रेल्वे नदीपलीकडील पॅरिंगापर्यंत आली. १९२७ मध्ये पूल बांधला गेला आणि ती रेनमार्कात शिरली. १९१४-१५ च्या दुष्काळात नदीचे पात्र कोरडे पडण्याच्या बेतास आले होते. त्यानंतर मरे नदीविषयक आंतरराज्य करारानुसार नदीवर बंधारे व आगबोटींसाठी लॉक बांधण्यात आले. रेनमार्कजवळचे पाचव्या क्रमांकाचे लॉक १९२७ मध्ये पूर्ण झाले. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांनंतर परतलेल्या सैनिकांना ब्लॉक देण्यात आले. दुसऱ्या युद्धानंतर ग्रीक कुटुंबे मोठ्या संख्येने आली आणि अलीकडच्या दशकांत पंजाबी शीख बागायतदारही या भागात स्थिरावले आहेत. १९५६ चा पूर हा मरेच्या नोंदलेल्या इतिहासातील सर्वांत मोठा. गाव वाचविण्यासाठी लोकांनी रात्रंदिवस मातीचे बांध चढवीत नेले. तरीही वस्तीचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

पूर येतो व ओसरतो. क्षाराचे तसे नाही. या प्रदेशाच्या भूगर्भात मुळातच खारे पाणी आहे. मॅलीची झाडे होती तोवर पावसाचे पाणी ती वरच्यावर शोषून घेत. झाडे गेली, पाटांचा पाझर व बागांना दिलेले जादा पाणी खाली उतरले, भूजल वर आले आणि त्याबरोबर मीठही. सखल ब्लॉक चिबड झाले, मग क्षारपड. नीरा, कृष्णा खोऱ्यातील उसाच्या पट्ट्यात ज्यांनी पांढरी पडलेली राने पाहिली आहेत, त्यांना याचे वेगळे वर्णन नको. रेनमार्ककरांनी जमिनीखाली चर व नळ घालून पाणी काढले. पण काढलेले खारे पाणी टाकायचे कोठे? बराच काळ ते नदीत वा पूरमैदानातील खोलगट जागांत सोडले गेले. म्हणजे एकाच्या ब्लॉकवरील मीठ खालच्या गावाच्या नळात गेले. १९८८ च्या आंतरराज्य क्षार-नियंत्रण धोरणानंतर खारे भूजल नदीत पोहोचण्यापूर्वीच उपसून दूरच्या बाष्पीभवन तळ्यांत नेणाऱ्या योजना रिव्हरलँड भागात झाल्या. पाटांच्या जागी बंद नळ आणि वाफ्यांच्या जागी ठिबक आले. ट्रस्टसारखी संस्था आपल्या हद्दीतील पाणी न्यायाने वाटू शकते. हद्दीबाहेर जाणाऱ्या मिठाचा हिशेब तिच्या घटनेत मुळात नव्हता.

पाणी जमिनीपासून वेगळे होते

१९८० च्या दशकापासून दक्षिण ऑस्ट्रेलियात पाणी वापराचे हक्क विकण्यास परवानगी मिळू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मरे–डार्लिंग खोऱ्यातील उपशावर मर्यादा घातली गेली आणि २००४ च्या राष्ट्रीय जलधोरणाने पाण्याचा हक्क जमिनीपासून स्वतंत्र मालमत्ता मानण्याची दिशा निश्चित केली. एटिवांडात चॅफींनी जी गाठ मारली होती, ती येथे सोडली गेली. अर्थशास्त्रज्ञांच्या दृष्टीने यात तर्क आहे : पाणी जेथे अधिक मोल देईल तेथे जावे. परंतु गावाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. वीस बागायतदारांच्या चारीवरील आठ जणांनी पाणी विकले, तर उरलेल्या बारांनी पंप व नळांचा संपूर्ण खर्च कसा सोसावा? २००० च्या दशकातील दीर्घ दुष्काळात, नदीतून मिळणारा वाटा कमालीचा घटला असताना, हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. अनेकांनी पाणी विकले, वेली उपटल्या आणि मोकळे ब्लॉक मागे राहिले.

मिल्ड्युरातील मूळ सिंचन मंडळ २००८ मध्ये मोठ्या प्रादेशिक जल संस्थेत विलीन झाले. रेनमार्कचा ट्रस्ट मात्र २००९ मध्ये नव्या कायद्याखाली पुनर्रचित होऊन स्वतंत्र राहिला आणि आजही त्याचे सदस्य बागायतदारच आहेत. २०१२ च्या खोरे आराखड्यानंतर केंद्र सरकारने पर्यावरणासाठी राखून ठेवलेल्या पाण्याचा काही भाग याच ट्रस्टच्या नळांतून, बागांची मागणी कमी असते त्या काळात, पूरमैदानातील सुकत चाललेल्या झाडांना व पाणथळींना सोडला जातो. २०११ मध्ये मरे व मॅली भागातील आदिवासी समूहांच्या पारंपरिक हक्कांना न्यायालयाने मान्यता दिली. मात्र त्या मान्यतेने पाण्याचा व्यापारयोग्य वाटा त्यांच्या हाती आलेला नाही. २०२२ च्या डिसेंबरअखेर १९५६ नंतरचा सर्वांत मोठा पूर रेनमार्कापाशी शिगेला पोहोचला. त्या वेळी सहा दशकांपूर्वीच्याच रेषेवर पुन्हा मातीचे बांध चढविण्यात आले. ते पाणी ओसरल्यावर पूरमैदानातील कित्येक झाडांना, कोणाच्याही हक्काची नोंद न लागता, नवी पालवी फुटली.